तासाला वीस रुपये

शहापुरात, साडीच्या दुकानावरच्या माडीत
आता नखं रंगवून देतात.
तिथं सात कॉम्प्युटर होते, आठवा कायम उघडा,
पोटातल्या तारा बाहेर,
आणि दारात सातेरी, रजिस्टर घेऊन.

ते रजिस्टर आता माझ्याकडं आहे.
रद्दीवाल्यानं तागडीत टाकायच्या आधी
त्याच्या बायकोनं दिलं,
सोबत चपलांच्या खोक्यात अठ्ठावीस फ्लॉप्या.
"घेऊन जावा की," म्हणाली,
"हे रोज रात्री पोरांच्या गप्पा त्यात उतरवून ठेवायचे."
कशासाठी, ते सातेरीला विचारायचं राहिलं.

रजिस्टरात नाव, गाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.
नावं बहुतेक खोटी.
एका महिन्यात एकच सही तेरा आडनावांपुढं.
मी तरी कुठं खरं लिहिलं?
अनगोळचा मी, गाव लिहायचो पुणे.

खरी नावं आत होती, पडद्याआड:
एकटा ढग. रॉकेट बावीस.
खानापूरचा वाघ, जो निघाला वडगावचा, आणि भित्रा.
आणि एक नुसतं 'उंबरा'.

फ्लॉपी वाचणारं यंत्र हुबळीत मिळालं.
अठ्ठावीसपैकी एकोणीस गप्प, बुरशी धरलेल्या.
सहा उघडल्या, तर आत अक्षरांचा चिखल.
तेव्हाची मराठी ज्या फॉन्टच्या अंगावर उभी होती
तो फॉन्ट मेला.
'आई' लिहिलंय तिथं चौकोन, टिंब, डॉलर.
रात्री एकेक चिन्ह घेऊन बसतो,
डॉलर म्हणजे वेलांटी असावी,
उलटं प्रश्नचिन्ह म्हणजे ळ.
मोडी वाचणाऱ्यांना निदान कागद तरी हाताला लागायचा.

तीन नीट उघडल्या. त्या रोमन अक्षरांत.
खाली रस्त्यावर पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यावरून काळं फासलं जायचं.
बंदच्या दिवशी सातेरी शटर अर्धं ओढायचा,
आम्ही वाकून आत.
आणि आत हे असं:
"काय करालास?"
"एनिल्ला."
"जेवलास?"
"आत. निंदु?"
कुणी कुणाला सुधारत नव्हतं.

सोन्याचे दिवस होते असं मी म्हणणार नाही.
त्याच फ्लॉपीत शिव्या आहेत, दोन्ही भाषांत.
फोटो पाठव म्हणून एका पोरीच्या मागं लागलेले अकराजण आहेत,
त्यात रॉकेट बावीस, म्हणजे मी.
तेवढ्या ओळी पुसाव्यात म्हणून बोट बटणावर नेलं होतं.
मग चहा केला. प्यालो.
ओळी तशाच आहेत.

उंबरा त्या अकरांत नाही.
उंबरा मराठीत लिहायचं, पण 'मी' आला की कानडीत शिरायचं:
"हेळ्तीनि", "बर्तीनि".
कानडीत तेवढ्यावरून बाई की बाप्या कळत नाही.
हे मला कळायला चोवीस वर्षं लागली.

शेवटच्या फ्लॉपीत एकदाच चूक झाली.
संध्याकाळी सात बावन्नला उंबरा लिहितं,
"उद्या सांगत"
आणि ओळ तुटते.
पुढं ओ होता की ए?

यूपीएस ओरडायला लागला की
हातात असेल तेवढं धाडून द्यायचं, ही आमची रीत.
तिच्याच खाली माझी ओळ आहे, तीही तुटलेली,
सात बावन्न.

म्हणजे दुसऱ्या कुठल्या शहरात नव्हतं ते.
एक प्लायवूड, एक फुलाफुलांचा पडदा,
आणि पलीकडं.

रजिस्टर काढलं. त्या दिवशी सातजण.
गेल्याच्या रकान्यात सातेरीनं सगळ्यांना मिळून
एक आडवी रेघ मारून लिहिलंय: लाईट गेली.
सातातला एक मी, पुणेकर.
चौघांना गाठलं. एक टायरच्या दुकानात, एक बँकेत,
दोघं हसले नुसते, नाही म्हणाले.
राहिले दोन. एकाचं अक्षर पाण्यानं फुटलंय.
दुसऱ्याचं नाव नाहीच, नुसती रेघ,
आणि गावाच्या रकान्यात, घाईघाईनं:
इथलंच.